पुठ्ठ्याचा कर्णा

रविवार, दिनांक २० ऑक्टोबर २०२४, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. बारा रिकाम्या जागांपैकी तीन भरल्या.

ढुंढिराज मोघे बोटांच्या पेरांवर मोजत होते, आणि तिसऱ्या पेरावर त्यांचा अंगठा थांबला. मे महिन्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचे थोरले बंधू वेणीमाधवशास्त्री ऊर्फ दादा यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडले नव्हते. उजवे अंग लुळे, वाचा गेलेली, आणि कान तर त्याच्या कितीतरी आधीपासून मंद झालेले. कानात घालायचे यंत्र आणून दिले, तर डाव्या हाताने ते उपसून काढीत आणि समोरच्या वाटीत टाकीत. त्यांना कळते किती आणि नुसते दिसते किती, हे सांगता येत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले होते. आणि आज, गंगेकाठी रामघाटावरच्या गल्लीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी खुर्चीत बसून त्यांनी ऋचेचा एक चरण म्हटला होता. मग आणखी एक, मग आणखी एक. जड जिभेने, पण स्वरासकट. आणि प्रत्येक चरण दोनदा. संथेचा नियमच तसा आहे: गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. एकदाच म्हटलेले धरत नाहीत.

इथे गुरू म्हणजे या दोघा भावांचे वडील, बिंदुमाधवभट्ट. ते जाऊन पस्तीस वर्षे लोटली होती, पण त्यांचा आवाज एका कॅसेटवर राहिला होता. इंदूरला नोकरीसाठी निघालेल्या एका शिष्याला तिकडे एकट्याने सराव करता यावा, म्हणून त्यांनी ती भरून घेतली होती. बारा चरण होते. प्रत्येक चरणानंतर शिष्याने दोनदा म्हणावे एवढी जागा मोकळी सोडलेली, आणि त्या जागेत फितीची खरखर आणि खालून एखाद्या मल्लाहाची, होडीवाल्याची, पुसट हाक. तो शिष्य कॅसेट न्यायला आलाच नाही. ती घरातच राहिली.

ढुंढिराजांची कल्पना साधी होती. माणसांचे बोलणे दादांपर्यंत पोहोचत नसेल. पण ज्या आवाजाला उत्तर देण्याची सवय सातव्या वर्षापासून जिभेला जडली आहे, तो आवाज पोहोचला, तर जीभ आपण होऊन उत्तर देईल. अडचण पोहोचण्याचीच होती. बाजारातल्या स्पीकरचा आवाज वाढवला की तो फाटे, आणि फाटलेला आवाज कानावर पडला की दादा डोळे घट्ट मिटून घेत. आवाज मोठा हवा आणि फाटता कामा नये, तर त्याला कर्णा हवा. स्पीकरच्या कागदी पडद्याला मोकळ्या हवेत फार हेलकावे खावे लागतात. त्याच पडद्यापुढे अरुंद गळा ठेवला आणि तो गळा हिशेबाने रुंदावत नेला, तर पडद्याने जेमतेम हलावे आणि खोली भरून जावी.

ढुंढिराजांचे वय चौऱ्याहत्तर. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते रेल्वेच्या कारखान्यात तपासनीस झाले आणि तपासनीस म्हणूनच निवृत्त झाले. लग्न केले नाही; भावाच्याच घरात राहिले. समोर आलेला भाग मापात आहे की नाही एवढेच पाहायचे, नसेल तर त्यावर लाल खडूने फुली मारायची, हे त्यांनी अडतीस वर्षे केले. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, डिंकपट्टीने जोडून त्यांनी जो कर्णा उभा केला, तो त्यांच्या लेखी कर्णा नव्हताच. आराखडा बरोबर आहे का, एवढे पाहण्यापुरता तो एक नमुना होता.

"आबा, बोलले! आजोबा बोलले!" शास्त्रीबुवांची नात हिमानी खुर्चीशी गुडघे टेकून बसली होती. ती विद्यापीठात शिकत होती आणि तिचे मराठी निम्म्या वाटेवर हिंदीत वळत असे. "फिर से लावा ना. एकदाच."

"आज नको. थकलेत ते," ढुंढिराज म्हणाले. दादांची मान खरोखरच कलली होती. त्यांची शक्ती सकाळच्या तासा-दीड तासापुरतीच असे; दुपारनंतर ते ग्लानीत पडून राहत.

सीतावहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सकाळी पुन्हा लावाल ना?"

"वहिनी, बारातले तीन म्हणजे चौथा हिस्सा. बाकीचे नऊ का गेले, ते मला कळलंय. अनुदात्ताचा खालचा स्वर आला की पुठ्ठ्याच्या भिंती थरथरतात आणि शब्द पुसला जातो. भिंती भक्कम करू द्या. बाराच्या बारा म्हणतील."

"तीन तर म्हणाले," वहिनी हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढुंढिराजांनी धारदार चाकूने डिंकपट्ट्या कापल्या आणि पुठ्ठ्याचा एकेक तुकडा सुटा केला. हिमानी चहा घेऊन आली तेव्हा कर्णा फरशीवर सपाट पसरलेला होता.

"हे काय केलंत! तोड क्यों दिया?"

"तोडला नाही. लाकडावर रेघा मारायला हेच साचे लागणार. इतकं नेमकं मोजमाप पुन्हा कुठून आणू?"

त्यात चूक काहीच नव्हती. कारखान्यातही असेच करीत.

लाकडाची निवड हे त्यांनी एक स्वतंत्र काम मानले. प्लायच्या बाजारात ते दुकानामागून दुकान फिरले. सोबत तळहाताएवढा लाकडी हातोडा होता. फळी दोन बोटांत लोंबती धरायची, तिच्यावर टकटक करायची आणि कान लावून ऐकायचे. भुशाच्या दाबलेल्या फळीचा आवाज मंद आणि सारखा येई, तोही त्यांना पसंत पडला. पण गंगेकाठच्या दमट हवेत तिच्या कडा पावासारख्या फुगतात, हे त्यांनी शेजारच्या घरी पाहिले होते. सलग आंब्याचे लाकूड स्वस्त होते. ते ऋतूप्रमाणे आडवे आकसते आणि सांधे उघडते. साध्या प्लायच्या कडेला त्यांनी भिंग लावले तेव्हा थरांमध्ये पोकळ्या दिसल्या.

"बाबूजी, स्पीकर का डिब्बा ही तो है," दुकानदार म्हणाला. "मंदिरवाले तो यही ले जाते हैं, ऊपर से सनमाइका मार देते हैं."

"मंदिरात देव आहेत. ते ऐकून घेतात," ढुंढिराज मराठीतच म्हणाले आणि पुढे निघाले.

शेवटी गर्जन लाकडाचा, होडीलाही चालेल असा अठरा मिलिमीटरचा प्लाय ठरला. थर सलग, वजन भरपूर, टकटक केल्यावर आवाज लगेच मरणारा. तो कोलकात्याहून मागवावा लागला, आणि मध्ये दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला बाजार बंद, पाडव्याला गाड्या बंद, भाऊबिजेला माणसे बंद. माल हाती पडला तेव्हा नोव्हेंबरचा पहिला आठवडा अर्धा सरला होता.

या दिवसांत दादांची एक नवी सवय सीतावहिनींच्या लक्षात आली. सकाळी त्या त्यांच्या तळहातावर पळीभर पाणी घालून संकल्प सांगत: महिना, पक्ष, तिथी, वार. हा त्यांचा झटक्यानंतरचा नेम होता. नवऱ्याचे संध्यावंदन आपल्याला करता येत नाही, निदान दिवस कोणता एवढे त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगावे म्हणून. पाणी सोडून झाले की दादा मान वळवीत आणि पुठ्ठ्याचा कर्णा जिथे ठेवला होता त्या कोपऱ्याकडे पाहत बसत. कोपऱ्यात आता पाण्याचा माठ होता.

"तिकडे बघतात आणि वाट पाहतात," वहिनी म्हणाल्या. "तो पुठ्ठ्याचाच परत जोडता नाही का येणार?"

"त्याच्या कडा रेघा मारताना झिजल्या, वहिनी. आणि आता आठवडाभराचाच तर प्रश्न आहे."

कापणीने आणखी चार दिवस खाल्ले. मोहन विश्वकर्मा हा चांगला सुतार होता. पण खिडक्या-दारे करणारा. ढुंढिराजांनी हातातली छोटी जाळीकरवत नाकारली, कारण तिचे पाते लांब कापात भरकटते. फळीला सरळ लोखंडी पट्टी आवळून, तिच्या कडेने गोल पात्याची करवत चालवायची असे ठरले. मोहनने पाते रेघेवर ठेवले आणि रेघेवरूनच चालवले. पाते जेवढे जाड तेवढे लाकूड भुसा होऊन जाते. रेघेच्या मधून गेले तर दोन्ही तुकडे अर्ध्या-अर्ध्या जाडीने कमी पडतात. आतल्या आडव्या फळ्या बाजूच्या भिंतींना टेकल्या नाहीत. जेमतेम नख जाईल एवढी फट राहिली.

"पुट्टी भर देंगे, बाबूजी. ऊपर से पता भी नहीं चलेगा."

"वरून नाही कळणार. आतून हवेला कळेल."

"हवा को?" मोहन हसला. "हवा किससे शिकायत करेगी?"

ढुंढिराजांनी खिशातून लाल खडू काढला आणि त्या फळ्यांवर फुल्या मारल्या. मग उरलेल्या प्लायवर नव्याने रेघा ओढल्या, आणि रेघेच्या कोणत्या अंगाला पाते जायचे तिथे बाण काढले. दोन्ही बाजूंच्या भिंती एकीवर एक आवळून एकदमच कापवल्या, म्हणजे चुकलेच तर दोन्ही सारख्या चुकतील. मोहनने कपाळाला हात लावला, पण कापले अगदी बाणांबरहुकूम. हिमानीने संध्याकाळी विचारले, "आबा, त्या खराब फळ्यांचाच एक बनवून टाकूया का, कामचलाऊ? तब तक?" ढुंढिराजांनी फुल्या मारलेल्या फळ्या उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. कामचलाऊ हा शब्द त्यांच्या तपासणीत कधी बसला नव्हता.

मंगळवारी, एकादशीच्या संध्याकाळी, शेवटची भिंत सरस लावून बसवली आणि आठ लोखंडी शिकंज्यांत आवळली. लाकडी कर्ण्याची ही पेटी दादांच्या छातीएवढ्या उंचीची झाली होती. आतला मार्ग दोनदा वळून, रुंदावत रुंदावत तळाशी मोठ्या तोंडाने बाहेर येत होता. फटीतून सरसाचे मणी सारख्या अंतराने बाहेर आले होते. ढुंढिराजांनी त्यांच्यावरून बोट फिरवले. असे काम त्यांच्या हातून आयुष्यात झाले नव्हते. आजवर त्यांनी दुसऱ्यांचे काम फक्त तपासले होते.

बुधवारी सकाळी दादांचा चेहरा टवटवीत होता. हिमानीने स्पीकरच्या तारा हातात घेतल्या. "सरस सुकलाय. बघा, नख नाही रुतत. लावूया?"

"चोवीस तास," ढुंढिराज म्हणाले. "पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात. त्याच्या आतच वाजवला तर कंपाने सांधा केसभर उघडेल, आणि मग तो कायमचा उघडा."

"आज छान आहेत ते. कल का क्या भरोसा?"

"उद्या याच वेळेला लावू. एका दिवसाने काय होतंय?"

त्या दिवशी दादा बराच वेळ पेटीकडे पाहत होते. एकदा त्यांनी डावा हात लांब करून शिकंज्याच्या दांड्याला स्पर्श केला.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर. शिकंजे सुटले. ढुंढिराजांनी आंघोळ करून धूतवस्त्र नेसले होते. हे त्यांचे नित्याचे नव्हते. चौदाव्या वर्षी पाठशाळा सोडून ते तंत्रशाळेत गेले ते दादांनी वडिलांशी वाद घालून पाठवले म्हणून. "एकाने ऋचा सांभाळाव्यात, दुसऱ्याने घर," असे म्हणून दादांनीच त्यांना पुण्याच्या गाडीत बसवून दिले होते. तेव्हा दादा स्वतः बावीस वर्षांचे होते आणि त्यांनाही रेडिओ उघडून पाहायचा नाद होता.

कळ दाबली. खरखर झाली, आणि बिंदुमाधवभट्टांचा आवाज खोलीत आला. तो पेटीतून आला असे म्हणवत नव्हते. कफाने किंचित भरलेला, सकाळच्या पहिल्या पाठाचा, समोर मांडी घालून बसलेल्या माणसाचा आवाज. खालचा स्वर खाली गेला तेव्हा पेटीच्या भिंतीवर ठेवलेल्या ढुंढिराजांच्या तळव्याला काहीच जाणवले नाही. भिंती मुक्या होत्या. सगळे बोलणे हवेचे होते.

दादा ताठ झाले. डोळे भरून आले. चरण संपला, मोकळी जागा आली, आणि त्यांनी डावा हात उचलून तळवा समोर धरला.

दुसरा चरण. पुन्हा तोच तळवा, आणि मान डावीकडून उजवीकडे.

ढुंढिराजांना वाटले आवाज जास्त झाला. त्यांनी तो उतरवला. तिसऱ्या चरणाला दादांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. मग ढुंढिराजांनी आवाज जरा वाढवून पाहिला. चौथ्याला दादांनी ओठ घट्ट मिटले आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले.

ओल्या हातांनी सीतावहिनी आत आल्या. "भाऊजी, बंद करा! बंद करा आधी. आज चतुर्दशी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय विचारता? अनध्याय! आत्ताच संकल्पात तिथी ऐकलीय त्यांनी. चतुर्दशीला कधी संथा दिली का मामंजींनी? कधी घेतली का यांनी?" मग त्यांनीच बोटे मोजली आणि त्यांचा आवाज उतरला. "उद्या पौर्णिमा. परवा प्रतिपदा. तीन दिवस वेद म्हणायचा नाही."

"अगं आजी, रिकॉर्डिंग है वो!" हिमानी म्हणाली. "आणि ते आजारी आहेत. आजाऱ्याला कसला अनध्याय?"

"त्यांना सांग."

हिमानीने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी तिच्याकडे पाहून तीन बोटे वर केली, आणि मग ती हळूहळू मिटली. तीन दिवसांनी. त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू होते.

ढुंढिराज खाली बसले. डॉक्टरांना जे सांगता आले नव्हते ते आता उघड झाले होते: दादांना सगळे ऐकू येत होते, सगळे कळत होते, नियमसुद्धा पाळता येत होता. पेटी बिनचूक होती. लाकडातला ओलावा, पात्याची जाडी, सरसाचे तास, सगळ्यांचा हिशेब झाला होता. भिंतीवर पंचांग टांगलेले होते, आणि गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी त्याच्याकडे फक्त बाजार कधी बंद असतो ते पाहायला मान वर केली होती. बुधवार मोकळा होता. बुधवारी सकाळी हिमानीच्या हातात तारा होत्या.

पौर्णिमेला घाटांवर देवदिवाळी झाली. संध्याकाळी पंचगंगा घाटापासून अमृतराव घाटापर्यंत पणत्याच पणत्या, आणि खांबाखांबावर भोंगे. ते एकमेकांत मिसळून नुसताच गलका घरात शिरत होता. तेलाच्या धुराने गल्ली भरली. खिडकी लावून घेतली, तरी थंडी आणि धूर आत आलाच, आणि दादांना खोकला सुरू झाला. रात्रीतून ताप चढला. प्रतिपदेला डॉक्टर आले, छातीला नळी लावून पाहिली, सुई टोचली आणि जिन्यात हिमानीला हळू आवाजात काही सांगून गेले. ती वर आली आणि आजोबांचे पाय चेपीत बसली. कोणी तिला विचारले नाही.

त्या दुपारी दादांचे डोळे उघडे होते तेव्हा ढुंढिराजांनी त्यांच्यासमोर एक बोट धरले. आता एकच दिवस. दादांनी त्या बोटाकडे पाहिले. ओळखले की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटले नाही.

रविवार, सतरा नोव्हेंबर. द्वितीया. सीतावहिनींनी ओला हात दादांच्या तळव्याला लावला आणि कानाशी वाकून महिना, पक्ष, तिथी, वार सांगितले. त्यांना आता खुर्चीत बसवता येत नव्हते. ढुंढिराजांनी पेटी पलंगाजवळ ओढली आणि तिचे तोंड उशीच्या दिशेला वळवले.

"लावू?" त्यांनी विचारले. वहिनींनी मान हलवली.

वडिलांचा आवाज आला, तसाच भरलेला, तसाच समोर बसलेला. पहिली जागा रिकामी गेली. दुसरी गेली. तिसरीला दादांच्या गळ्यात काही हलले. ती घरघर होती. आवाज पुढच्या चरणाला गेला, ज्याने उत्तर दिले नाही त्याच्यावर न रागावता. चौथी. पाचवी. हिमानी तोंडावर ओढणी धरून खिडकीकडे गेली.

सातव्या जागेत सीतावहिनी अचानक म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी म्हणा! कुणीच म्हणत नाहीये. ते वाट बघतायत."

कोण वाट बघत होते, पेटीतले की पलंगावरचे, ते त्यांनी सांगितले नाही. आठवा चरण झाला. ढुंढिराजांनी तोंड उघडले. साठ वर्षांपूर्वीचा चरण कुठून तरी वर आला, स्वर डगमगत, पण आला. आणि तो पूर्ण झाला तेव्हा ते स्वतःच चकित झाले. मग दुसऱ्यांदा म्हणायला त्यांनी श्वास घेतला. पहिला शब्द आला. पुढचा आला नाही. फितीची खरखर चालू राहिली, खालून कधीकाळच्या एका मल्लाहाची हाक आली, आणि वडिलांनी नववा चरण सुरू केला.

उरलेल्या चार जागांत कोणीच बोलले नाही. कळ आपोआप वर उडाली.

दादांचे डोळे अर्धवट उघडे होते. वहिनींनी ते मिटले तेव्हा कॅसेट संपून फार वेळ झाला नव्हता. खालच्या मजल्यावरचे लोक जिना चढू लागले. कोणी तरी मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर निरोप धाडायला निघाला. खोलीत जागा हवी होती, म्हणून दोघांनी पेटी उचलून बाहेर गच्चीत ठेवली. ती फार जड होती. तिचा एकही सांधा कुरकुरला नाही.

ढुंढिराज तिच्याजवळ उभे राहिले. अंगठा सवयीने बोटांच्या पेरांवर गेला. आठव्या पेरावर तो थांबला, आणि मग त्यांनी हात खाली सोडला. एकदाच म्हटलेले धरत नाहीत.

बारापैकी शून्य.